तो बोर्ड तुझ्या हातून गेला नव्हता

प्रल्हाद,

तू गेलास त्या दिवशी आपल्या सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर पहिला संदेश माझा होता. सकाळी सव्वानऊला. तुझ्या गावाहून, उंद्रीहून, दिनकरचा फोन आला, मी खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि लगेच कामाला लागले. तुझा फोटो शोधला, त्यातली शेजारची दोन माणसं कापली, खाली नाव टाकलं, जोडलेले हात टाकले, अंत्यविधीची वेळ लिहिली आणि पाठवून दिलं. असल्या गोष्टी मला पटकन जमतात.

मग उत्तरं यायला लागली. तालुक्यात ऑनलाइन फॉर्म, दाखले, झेरॉक्स अशी दुकानं चालवणारे आम्ही सगळे त्या ग्रुपवर आहोत, आणि आमच्यातल्या बहुतेकांच्या मशिनींना कधी ना कधी तुझा हात लागलेला. ‘लई गुणी माणूस.’ ‘माझं सेंटर त्याच्यामुळं चालू झालं होतं.’ मग एकाने लिहिलं, ‘कारागीर एक नंबर, पण शेवटी शेवटी हात बिघडला होता बिचाऱ्याचा.’ त्याच्याखाली तिघांनी अंगठे दिले.

तुझा हात बिघडला, हे ग्रुपला सांगणारी मीच. दोन वर्षांपूर्वी. त्याआधी असं कुणी म्हणत नव्हतं, आणि त्यानंतर लोक तेच धरून बसले. तुझ्यामागे तुझं जे नाव उरलं आहे त्यावर हा डाग आहे आणि तो माझ्या हातचा आहे.

आपल्या सेंटरवाल्यांच्या वार्षिक पुस्तिकेत यंदा तुझ्यावर एक पान द्यायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘शोभाताई वेळेवर देतात’ असं सगळे म्हणतात. तेरावं होऊन चार दिवस झाले. जन्म कुठला, शिक्षण किती, हे मी लिहिणार नाही. आणि जे लिहायचं आहे ते एका पानात बसणारही नाही.

तू माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास तो प्रिंटर बघायला, दीड तास उशिरा. फोनवर म्हणालास, “आलोच ताई, फाट्यावर हाय,” आणि तुझ्यामागे कुकरची शिट्टी वाजली. मी विचारलं, “फाट्यावर कुकर कोनं लावला?” तू इतका हसलास की मला रागावताच आलं नाही. त्यानंतर आठ वर्षं तू फाट्यावरच असायचास आणि मी तुझ्यासाठी अर्धा तास आधीची वेळ लिहून ठेवायची.

मशीन उघडलीस की तू आधी तिला कान लावायचास. पंखा कसा फिरतो, बीप किती वाजतात, कुठे टिक होतं. “मशीन सांगते, ताई. आयकनारा पाहिजे फक्त.” मला ते पटायचं नाही. मशीन सुरू झाली नाही तर काय काय पाहायचं याची यादी मी करून, लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. तू येता-जाता तिला नमस्कार करायचास. “लॅमिनेशन केलं म्हंजे खरं होते काय, ताई?”

“निदान भिजत तं नाही,” मी म्हणायची.

हा वाद आपण कधी मिटवला नाही. खरं सांगायचं तर मला तो मिटवायचा नव्हता. दिवसभर दाखले आणि आधार क्रमांक टाइप करून डोकं बधिर झालं की तुझ्याशी भांडायला बरं वाटायचं.

आणि तो निकालाचा दिवस. बाहेर पोरींची रांग, त्यांच्या आया, सगळ्यांना गुणपत्रक आत्ताच्या आत्ता पाहिजे, आणि मशीनची पॉवरची वायर सैल झालेली. हात सोडला की मशीन बंद. नवी वायर आणायला वेळ नव्हता. तू स्टूल ओढलंस, टेबलाखाली वाकलास आणि दुपारपर्यंत ती वायर धरून बसलास. कुणीतरी विचारलं, “हे भाऊ खाली काय करून राह्यले?” तू खालूनच ओरडलास, “मी यूपीएस हाय आज!” त्या दिवशी मी तुझे आभार मानले नाहीत. चहा पाजला. तेवढ्याने झालं असं मला वाटलं.

तुझी एक रीत होती, ती सगळा तालुका ओळखायचा. काढलेला खराब पार्ट तू कधी टाकून द्यायचा नाहीस. छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालायचास, पेनाने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचास आणि त्याच्या हातात द्यायचास. “हे तुमचं खराब. नवीन आत हाय.” गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळायचं नाही, पण पुडी हातात आली की माणूस निश्चिंत व्हायचा. कुणी नेली नाही तर तू ती घरी डब्यात ठेवायचास. वर्षानुवर्षं.

आता त्या मशीनबद्दल.

दुकानातला मोठा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. फोटो छोटा करायला घेतला की गिऱ्हाईक बाहेर जाऊन तंबाखू मळून परत यायचं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. त्या वर्षी नवी मशीन घेणं जमणार नव्हतं. मी तुझ्या मागे लागले. हो, मीच मागे लागले. तू म्हणालास की एक रस्ता आहे, पण तो सरळ नाही. खामगावला जुन्या सर्व्हरमधले प्रोसेसर मिळतात, दमदार असतात, पण आपल्या मदरबोर्डासाठी ते बनलेलेच नाहीत.

“मग बसतीन कसे?”

“बसवाले लागतात.”

तू कागदावर चित्र काढून दाखवलंस. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो त्या सॉकेटच्या कडेला दोन बारीक दाते असतात. चुकीचा प्रोसेसर बसू नये म्हणूनच ते ठेवलेले. ते ब्लेडने कापायचे. मग प्रोसेसरच्या पोटावर टिकलीहून लहान स्टिकर चिकटवायचा, तो दोन ठिपक्यांची अदलाबदल करतो. बोर्डाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये नव्या प्रोसेसरची ओळख आधीच भरून घ्यायची. तुझ्या घरी तू असे दोन केले होतेस आणि दोन्ही चालत होते.

“पन आधीच सांगून ठेवतो, ताई. बसला तं बसला. नाही तं बोर्ड गेला.”

“कर,” मी म्हणाले.

तू धोका सांगितला होतास आणि मी ‘कर’ म्हणाले होते, हे मी नंतर कुणालाही सांगितलं नाही.

नवरात्र चालू होतं. संध्याकाळी तू आलास, प्रोग्रॅमचं काम केलंस, जुना प्रोसेसर काढलास आणि नाकाशी टॉर्च धरून ते दोन दाते कापलेस. इतक्या हळू, की तुझा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग खिसे चाचपलेस. स्टिकर दुसऱ्या शर्टात राहिला होता. पुढचे दोन दिवस दुकान बंद. तू सॉकेटवर त्याची काळी प्लॅस्टिकची टोपी बसवलीस आणि म्हणालास, “आत सातशेच्या वर पिना हायेत, ताई. केसासारख्या. बोट तं सोडाच, फुंकरसुद्धा मारू देऊ नोका कोनाले.”

मी लगेच चिठ्ठी लिहिली. ‘हात लावू नये. – शोभा.’ उघड्या कॅबिनेटच्या पत्र्यावर टेपने लावली. तू म्हणालास, “लॅमिनेशन नाही केलं?”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी मी एकटी दुकान उघडते आणि सगळ्या यंत्रांची पूजा करते. अर्थातच यादीप्रमाणे. झेरॉक्स, दोन प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, कटर, इन्व्हर्टर, मोठं स्टेपलर, कॉम्प्युटर. माझ्या सासूबाईंची शिकवण अशी की वेष्टनावर पूजा करू नये, ती देवाला पोचत नाही. म्हणून मी दरवर्षी आधी सगळ्यांची प्लॅस्टिकची कव्हरं काढते, घडी करून ठेवते, मग हळद-कुंकू.

मोठ्या कॉम्प्युटरशी आले. तो उघडा पडलेला, आणि मधोमध ती काळी टोपी. मी ती काढली. खाली सगळं सोन्यासारखं चमकत होतं. मला वाटलं, इतकी वर्षं मी नुसत्या पत्र्याला कुंकू लावत आले, आज यंत्राचं काळीज समोर आहे. ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता. अक्षता चिकटेनात म्हणून जरा दाबल्या. हात जोडले. टोपी बसवताना वरच्या अक्षता आड येत होत्या, त्या उचलून घेतल्या आणि टोपी होती तशी नीट बसवली. यादीवर खूण केली. बाजूला माझी चिठ्ठी होतीच, पण ती मी दुसऱ्यांसाठी लिहिली होती. मालकिणीने स्वतःच्या दुकानात कुठे हात लावायचा, याची चिठ्ठी नसते.

दसऱ्यानंतर तू आलास. या वेळी चक्क वेळेवर. मी भिंतीवरची यादी काढून टेबलावर घेतली होती, कारण नवा प्रोसेसर बसवल्यावर काय काय तपासायचं ते मला क्रमाने लिहून घ्यायचं होतं. तू टोपी उचललीस आणि बराच वेळ आत बघत राहिलास. मग पिशवीतून भिंग काढलंस, मऊ ब्रश काढलास. नंतर म्हणालास, “ताई, तुमची ती खटक्याची पेन्सिल द्या बरं, आतलं शिसं काढून.”

“काय करतो तिचं?”

“कान कोरतो.”

गिऱ्हाइकं हसली. मी नाही हसले. तू त्या पेन्सिलीच्या पोकळ टोकाने सॉकेटमध्ये काहीतरी करत होतास, अर्धा तास, पाऊण तास, आणि माझ्या यादीत असलं काही नव्हतं. रांग वाढत होती. अखेर तू स्टिकर लावलेला प्रोसेसर ठेवलास, दांडी दाबलीस, पंखा चढवलास. स्विच दाबला. पंखा फिरला. पडदा काळाच. बीप नाही, काही नाही. तू कान लावलास.

“काय म्हनते?” मी विचारलं.

“काही नाही म्हनत.”

मग मी यादी हातात घेतली आणि तुला एकेक सांगत गेले. पडद्याची वायर काढून घाल. घातलीस. रॅम काढ, खोडरबरने पुस, एकच पट्टी घाल. केलंस. दुसऱ्या खाचेत घाल. बोर्डाचा सेल काढ, पाच मिनिटं थांब. तू घड्याळ बघून पाच मिनिटं थांबलास. प्रोसेसरजवळची चार तारांची छोटी पिन नीट बसली का? बसली होती. रॅम पूर्ण काढून चालू कर, बोर्ड निदान ओरडला पाहिजे. ओरडला नाही. मी प्रत्येक ओळीपुढे खूण करत होते आणि तू शाळेतल्यासारखा “हो ताई,” “झालं ताई” म्हणत होतास. मला वाटत होतं, शेवटी याला यादीची किंमत कळली.

शेवटची ओळ होती, जुना प्रोसेसर परत लावून बघा. तो तू लावलास. तोही चालू झाला नाही.

म्हणजे दोष प्रोसेसरचा नव्हता, बोर्डाचा होता. बोर्डाला तर फक्त तुझं ब्लेड लागलं होतं. हे मी तसंच्या तसं म्हणाले. दुकानात सात-आठ माणसं होती. मोठ्याने म्हणाले. “दाते कापता कापता भलतंच कापलं तू. डोळ्याले दिसत नाही तं काऊन करतो असे उद्योग? आता मी या लोकायले काय सांगू?”

तू ब्रश पिशवीत ठेवत होतास. वर न बघता म्हणालास, “लागलं असन, ताई. माह्याकडूनच झालं असन.”

बोर्ड तू घेऊन गेलास. “पाहतो घरी, जमते का,” म्हणालास. दोन दिवसांनी कुणाची तरी जुनी मशीन आणून माझं काम चालू करून दिलंस आणि निघालास. मी चहा विचारला नाही.

त्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं. ‘प्रल्हादकडे मशीन देताना सगळ्यांनी विचार करावा. माझा बोर्ड त्याच्या हातून गेला. आता त्याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही.’ जबाबदारीने लिहिते आहे असंच मला वाटलं. शुद्धलेखन तपासूनही पाठवलं. त्या संदेशावर तू काही लिहिलं नाहीस. तू ग्रुपमधून बाहेरही पडला नाहीस. दोन वर्षं आमचे सगळ्यांचे संदेश तुला येत राहिले, लोक तुझ्याऐवजी दुसरं कुणी सुचवा म्हणून विचारत राहिले, आणि तू ते वाचत राहिलास.

सहा महिन्यांनी कळलं की तू खामगावला एका मोबाईलच्या दुकानात नोकरीला लागलास. काचा बदलायच्या, बॅटऱ्या बदलायच्या. एकदा बसस्टँडवर भेटलास. “बरं हाय ताई, वेळेवर जावं लागते. फाट्यावर हाय म्हनून चालत नाही तिथं.” तू हसलास. मी पण हसले, आणि घरी येताना मनात म्हणाले, चला, याचं काहीतरी मार्गी लागलं. मला तुझं बरं झाल्याचं समाधान वाटलं, प्रल्हाद.

तेराव्याला मी उंद्रीला आले. तुझ्या घरी येण्याची ती पहिलीच वेळ. जेवणं झाल्यावर वंदनाने, तुझ्या बायकोने, मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाखालून जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं.

“हे तुमचं हाय, ताई. घरात गिऱ्हाइकाचं सामान ठेवू नोको असं ते म्हनत. बाकीच्यायचं देऊन टाकलं. हे राह्यलं होतं.”

माझा बोर्ड होता. स्वच्छ, धूळ नाही. त्याच्या पाठीला टेपने लावलेली एक पुडी. त्यात तीन अक्षता, अजून लाल-पिवळ्या, आणि एक तुटकी तार, इतकी बारीक की मला आधी वाटलं केस आहे. पुडीवर तुझं तिरकं अक्षर. ‘शोभाताई. दाखवायचं नाही.’

मी विचारलं नाही, तरी वंदना सांगायला लागली. तू महिनाभर रोज कामावरून आल्यावर तो बोर्ड घेऊन बसायचास. भिंगाखाली एकेक वाकडी पिन सरळ करायचास. बाकी सगळ्या केल्यास, एक तुटलीच होती, ती झाली नाही.

“मी म्हटलं, सांगून द्या ना बाईले. लोकं काहीच्या काही बोलून राह्यले, काम तुटून राह्यलं. तं म्हने, पूजा केली वं तिनं माह्या कामाची. तिले कसं सांगू का तुह्या पूजेनंच मेलं म्हनून?”

वंदनाच्या बोलण्यात राग नव्हता. तिने ते मला दोष द्यायला सांगितलंच नाही. तू कसा होतास, हे ती सांगत होती. बाहेर बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती. मी तो बोर्ड मांडीवर घेऊन बसले.

मी तुझ्यावर रागावलेही, हे तुला सांगितलं पाहिजे. बसमध्ये पूर्ण रस्ता मनात तुझ्याशी भांडत आले. सांगायला काय झालं होतं? मी रडले असते, ओशाळले असते, चार दिवस तोंड लपवलं असतं आणि नंतर आपण त्यावर हसलो असतो. माझी पूजा वाचवायला स्वतःचं नाव का घालवलंस? कुणी मागितलं होतं? मला हे विचारायचं होतं आणि तू “फाट्यावर हाय” म्हणायलाही उरला नाहीस.

घरी आल्यावर मी काम हातात घेतलं. कुणाकुणाला मी तोंडाने सांगितलं होतं त्यांची नावं लिहिली. नऊ निघाली. नऊही जणांकडे जाऊन सांगितलं की बोर्ड माझ्या हातून गेला होता. बहुतेक जण म्हणाले, “जाऊ द्या ताई, आता काय.” एकीने तर माझीच समजूत काढली. मला ते नको होतं, पण चहा घेऊन परत आले.

मग ग्रुपवर लिहिलं. ‘दोन वर्षांपूर्वी माझा बोर्ड प्रल्हादच्या चुकीने गेला असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. पूजा करताना माझ्या बोटाने नकळत सॉकेटच्या पिना मोडल्या. प्रल्हादचा हात शेवटपर्यंत उत्तम होता. मी त्याची आणि सर्वांची माफी मागते.’

भराभर जोडलेले हात आले. ‘मोठं मन ताईचं.’ ‘असं कबूल करायला हिंमत लागते.’ मग दिनकरने लिहिलं. तुझ्याच गावचा तो, तुझा लहानपणापासूनचा दोस्त. ‘ताई, तुमचा तो मेसेज आला त्या दिवशी माही मशीन त्याच्या घरी उघडी होती. मी तशीच उचलून आनली. तो म्हने, दिन्या, दोन स्क्रू तं लावू दे बे. मी लावू नाही देल्ले.’



ते वाचल्यावर मी माझा संदेश पुन्हा वाचला. ‘मोठं मन’ हे ज्या शब्दाच्या जोरावर मिळालं होतं तो शब्द मला दिसला. नकळत. पूजा करताना मला कळलं नव्हतं, हे खरं. पण ते नकळत राहिलं फक्त तू येईपर्यंत.

तू टोपी उचललीस तेव्हाचं मी वर सगळं सांगितलेलं नाही. भिंग काढायच्या आधी तू मान वर केली होतीस आणि हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं होतंस, “ताई, ही टोपी काढली होती काय कोनं?”

टोपीच्या आतल्या कडेला लाल लागलेलं मला दिसलं. तुझ्या हातात होती ती, मी समोर उभी होते. मला तेव्हाच्या तेव्हा आठवलं. बोट, अक्षता, दाबलेलं, सगळं. आणि मागे रांग होती, सात-आठ माणसं, माझं दुकान, माझी यादी.

मी म्हणाले, “कोन काढन? दुकानाची चावी तं माह्याजवळच असते.”

तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालास, “हाव. तेबी खरं हाय.”

मग तू भिंग काढलंस आणि मी तुला यादी वाचून दाखवायला लागले. वायर, रॅम, सेल. बिघाड कुठे आहे ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. तरी मी तासभर तुला तो दुसरीकडे शोधायला लावला, आणि तू शोधलास. पुढची दोन वर्षं मी ते इतकं नीट विसरले की अक्षता हातात आल्या तेव्हा मला खरंच धक्का बसला. वंदनाला तू पूजेचं सांगितलंस. या प्रश्नाचं तिला सांगितलं नाहीस. मी तिला विचारलं नाही, पण तिने मला ज्या मायेने जेवू घातलं त्यावरून मला ते कळलं.

काल दुपारी मी पुन्हा उंद्रीला गेले आणि तिला ते सांगितलं. ती धान्य निवडत होती. तिचा हात थांबला. पहिल्यांदा तिने माझ्याकडे परक्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. मग म्हणाली, “तुमाले मालूम होतं?”

मी म्हणाले, “हो.”

तिने मला ‘बसा’ म्हटलं नाही. मी उभीच होते. ती सूप घेऊन आत गेली आणि मी फाट्याकडे चालत निघाले. तिथे बसची वाट बघताना ग्रुपवरचा संदेश काढून टाकला, ‘नकळत’ हा शब्द वगळून पुन्हा लिहिला, खाली तुझा प्रश्न आणि माझं उत्तर जसंच्या तसं घातलं, आणि पाठवला. तो सगळ्यांनी वाचला. या वेळी माझ्या मोठ्या मनाबद्दल कुणी काही लिहिलं नाही.